आमिशांची घोडागाडी आणि आमचें कौतुक

अमेरिकेंत मुलगा किंवा मुलगी स्थायिक झाल्यामुळें तिकडे दोन-चार महिने राहून येण्याचा योग आतां आमच्या मध्यम वर्गांतील वडील मंडळींस पुष्कळदां येतो. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यांत नायगाराच्या खालोखाल एक विषय हटकून निघतो, तो पेन्सिल्व्हानियांतील लँकेस्टर परगण्याचा. तेथें आमिश नांवाचे ख्रिस्ती लोक राहतात; ते मोटार बाळगीत नाहींत, घोडागाडींतून हिंडतात, विजेच्या तारा घरांत येऊं देत नाहींत; बायका डोक्याला टोपी बांधतात, आणि पुरुष दाढी राखतात पण मिशी काढून टाकतात. हें सांगतां सांगतां सांगणाराचा कंठ दाटून येतो, आणि शेवटीं, अमेरिकेसारख्या देशांत राहून त्यांनीं साधी राहणी टिकवली व आपण मात्र सारें घालवून बसलों, असा सुस्कारा निघतो. या सुस्काऱ्याचे प्रवासलेखहि झाले आहेत, आणि तिकडील दुकानांतून आणलेली लाकडी घोडागाडी दिवाणखान्याच्या कपाटांत गणपतीशेजारीं ठेवलेली आम्हीं पाहिली आहे.

याच मंडळींचीं मुलें बहुधा दुसऱ्या पक्षाचीं असतात. त्यांच्या मतें आमिश म्हणजे निव्वळ अडाणी लोक. मुलांस आठव्या इयत्तेपलीकडे शिकूं देत नाहींत. टेलिफोन घरांत ठेवीत नाहींत पण गल्लीच्या टोकाला झोपडी बांधून तींत ठेवतात. मोटार विकत घेत नाहींत पण दुसऱ्याची भाड्यानें घेतात. हा धर्म कसला, हें तर ढोंग! एका पक्षाचें कौतुक आणि दुसऱ्याची थट्टा एकाच वरवरच्या दृष्टींतून निघालेलीं आहेत असें आमचें स्पष्ट मत आहे. दोघांनींहि घोडागाडी पाहिली. ती कोणत्या प्रश्नाचें उत्तर म्हणून तेथें उभी आहे हें पाहण्याची तसदी कोणींच घेतली नाहीं. तो प्रश्न असा: ही वस्तु आपण घरांत घेतली तर आपल्या शेजाऱ्याशीं असलेल्या आपल्या नात्याचें काय होईल? हा प्रश्न त्यांच्यांत एकट्यानें मनाशीं विचारावयाचा नसतो. सर्वांनीं मिळून, उघड, आणि उत्तराला बांधून घेऊन विचारावयाचा असतो. साध्या राहणीशीं त्याचा संबंध दूरचा आहे. त्याचें मूळ शोधूं गेल्यास पांचशें वर्षें मागें, स्वित्झर्लंडांतील झ्यूरिक शहरीं जावें लागतें.

आमिश, मेनोनाइट, हटराइट हे सारे ज्या परंपरेचे वारस, तिला अ‍ॅनाबॅप्टिस्ट म्हणतात. शब्दाचा अर्थ पुन्हां बाप्तिस्मा करणारे. आणि हें नांव त्यांस त्यांच्या शत्रूंनीं दिलें. स्वतः ते म्हणत कीं, पाळण्यांतील मुलाचा झाला तो बाप्तिस्मा मुळीं झालाच नाहीं. मग पुन्हां कसला? १५२५ च्या जानेवारींत झ्यूरिकच्या नगरसभेनें फर्मान काढलें कीं, ज्यांनीं मुलांचा बाप्तिस्मा टाळला असेल त्यांनीं तो आठ दिवसांत करावा, नाहीं तर शहर सोडावें. २१ जानेवारीस संध्याकाळीं फेलिक्स मांट्स याच्या घरीं कांहीं माणसें जमलीं. त्यांत जॉर्ज ब्लाउरॉक नांवाचा एक पाद्री होता. त्याच्या विनंतीवरून कॉनराड ग्रेबेल या तरुणानें त्यास बाप्तिस्मा दिला, आणि ब्लाउरॉकनें मग इतरांस दिला. मांट्स आणि ग्रेबेल हे दोघेहि सुधारक झ्विंग्लीच्या हाताखालीं तयार झालेले. गुरूनें नगरसभेच्या तंत्रानें सुधारणा चालवल्या, शिष्यांस तें मानवलें नाहीं.

आज आम्हांस हा वाद पाण्याच्या चार थेंबांचा वाटतो. त्या काळीं तो राज्याच्या पायाचा होता. मूल जन्मलें कीं त्याचा बाप्तिस्मा व्हावयाचा, आणि त्याबरोबर तें ख्रिस्ती व त्या नगराचें प्रजाजन दोन्ही व्हावयाचें. जन्मानें ख्रिस्ती होतां येत नाहीं, माणसानें कळत्या वयांत, किंमत ओळखून, स्वतः होकार दिला पाहिजे, असें म्हणणें म्हणजे सरकारला माणसाचा धर्म ठरवितां येत नाहीं असें म्हणणें होतें. नगरसभेला हें बरोबर कळलें. ५ जानेवारी १५२७ रोजीं फेलिक्स मांट्स यास हातपाय बांधून लिम्मात नदींत बुडविण्यांत आलें. ज्यास पुन्हां पाणी हवें त्यास पाणीच द्यावें, असा त्या शिक्षेंत विनोद होता. पुढें १५२९ च्या एप्रिलांत श्पायर येथें साम्राज्याची परिषद भरली. त्या परिषदेंत लूथरपंथी राजांनीं आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या नांवानें निषेध नोंदविला. प्रॉटेस्टंट हें नांव त्यावरूनच पडलें. आणि त्याच परिषदेंत, त्याच महिन्यांत, पुनर्बाप्तिस्मा घेणारास देहांत शिक्षा हा साम्राज्याचा कायदा झाला. सदसद्विवेकबुद्धि ही राजांची असली तर इतिहास घडतो, आणि सुताराची किंवा विणकराची असली तर गुन्हा होतो, हें येथें एका बैठकींत पाहावयास मिळतें. लूथरपंथीयांच्या जागतिक संघानें या छळाबद्दल क्षमा मागितली ती २०१० सालीं.

मांट्सच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आंत, २४ फेब्रुवारी १५२७ रोजीं, श्लाइटहाइम या खेड्यांत या लोकांनीं सात कलमांचा एक ठराव केला. तो मुख्यत्वें मिखाएल साटलर या माजी मठवासीयानें लिहिला असें मानतात. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्याला हाल करून जाळण्यांत आलें. या सात कलमांचे विषय असे: बाप्तिस्मा, बहिष्कार, प्रभुभोजन, जगापासून अलगपणा, मंडळीचा पाळक, तलवार आणि शपथ. आमच्या धर्मचर्चेची संवय असलेल्या वाचकानें येथें थोडें थांबावें. देवाचें स्वरूप काय, पाप कोठून आलें, मोक्ष कोणत्या प्रकारचा, यांवर त्यांत स्वतंत्र कलम एकहि नाहीं. कोणास आपला म्हणावें, चुकलेल्याशीं कसें वागावें, हातांत काय धरूं नये, तोंडानें काय बोलूं नये, असे सारे विषय सोमवारपासून शनिवारपर्यंतचे आहेत. त्यांच्या धर्माला तत्त्वज्ञान नाहीं असा आक्षेप विद्वानांनीं घेतला आहे. आमच्या मतें तत्त्वज्ञान आहे, पण तें आचारांत मुरवून ठेवलेलें आहे. मिठासारखें तें वेगळें काढून दाखवितां येत नाहीं.

यावर म्युन्स्टरचें नांव काढणारे लोक आहेत, आणि तें काढणें योग्यच आहे. १५३४ सालीं वेस्टफालियांतील त्या शहराचा ताबा अ‍ॅनाबॅप्टिस्टांपैकीं एका पिसाट टोळीनें घेतला. मालमत्ता सामाईक केली, अनेक बायका करण्याची मोकळीक दिली, जान व्हान लायडन नांवाच्या शिंप्यानें स्वतःस राजा म्हणवून घेतलें, आणि १५३५ च्या जूनमध्यें शहर पडलें तेव्हां कत्तल झाली. पुढाऱ्यांचीं प्रेतें ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगलीं ते पिंजरे सेंट लँबर्टच्या देवळाच्या मनोऱ्यावर अजून लोंबत आहेत. पण म्युन्स्टरचें नांव काढणारे पुढची ओळ वाचीत नाहींत. त्या दुर्दैवानंतर अवघ्या कांहीं महिन्यांत, १५३६ च्या आरंभीं, फ्रीसलंडमधील मेनो सिमन्स हा कॅथॉलिक पाद्री आपली सुखाची वृत्ति सोडून या बदनाम, विखुरलेल्या लोकांत आला, आणि त्यानें त्यांस तलवारीपासून कायमचें दूर नेलें. मेनोनाइट हें नांव त्याच्यावरून पडलें. ईश्वर आपल्या बाजूस आहे या खात्रीनें माणूस काय करूं शकतो हें त्यांनीं स्वतःच्या घरांत पाहिलें होतें. पुढील पिढ्यांचा सावधपणा, प्रत्येक नव्या गोष्टीकडे संशयानें पाहण्याची संवय, हिचा एक उगम आम्हांस तेथें दिसतो.

त्या नव्या वळणाचा माणूस कसा होता हें पाहावयाचें असल्यास हॉलंडांतील आस्पेरेन येथील डर्क विलेम्स याची हकीगत पाहावी. १५६९ सालची गोष्ट. स्वतःच्या घरीं बाप्तिस्मे होऊं दिल्याबद्दल त्यास कैदेंत टाकलें होतें. चिंध्यांची दोरी करून तो खिडकींतून उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळत सुटला. तुरुंगाच्या अन्नावर वाळलेला तो. त्याच्या वजनानें बर्फ मोडलें नाहीं. पाठलाग करणारा शिपाई मात्र बर्फ फुटून पाण्यांत पडला आणि ओरडूं लागला. डर्क परत फिरला आणि त्यानें त्यास हात देऊन बाहेर काढलें. शिपायाच्या मनांत त्यास सोडून द्यावें असें आलें. पण काठावर उभ्या असलेल्या नगराध्यक्षानें त्यास दरडावून त्याच्या शपथेची आठवण दिली, आणि शिपायानें डर्कला धरलें. १६ मे रोजीं त्यास जाळलें. त्या दिवशीं पूर्वेचा वारा जोराचा होता, त्यामुळें ज्वाळा शरीराच्या वरच्या भागापासून दूर जात राहिल्या आणि मरण फार वेळ लांबलें.

ही कथा सांगणारे बहुधा हात देण्यापाशीं थांबतात, कारण तेथें डोळ्यांत पाणी येण्याची सोय आहे. आम्हांस त्यांतील शपथ अधिक महत्त्वाची वाटते. श्लाइटहाइमचें सातवें कलम शपथ घेऊं नये असें होतें, आणि तें पुष्कळांस चमत्कारिक वाटतें. खरें बोलण्याची शपथ घेण्यांत वाईट काय? आस्पेरेनच्या बर्फावर त्याचें उत्तर आहे. शिपायाचें मन विरघळलें होतें. पण तें मन त्यानें आधींच दुसऱ्याच्या हवालीं करून ठेवलें होतें. ज्यानें शपथ घेतली नव्हती तो मागें फिरूं शकला, आणि ज्यानें घेतली होती त्याला, जीव वांचविणाराचा हात हातांत असतां, फिरतां आलें नाहीं. टी. जे. व्हान ब्राग्ट यानें १६६० सालीं संकलित केलेल्या हुतात्म्यांच्या जाड ग्रंथांत ही हकीगत आली. १६८५ च्या आवृत्तींत यान लाउकन यानें तिचें चित्र कोरलें. तो ग्रंथ आजहि पुष्कळ आमिश व मेनोनाइट घरांत असतो.

आतां गल्लीच्या टोकाच्या त्या झोपडीकडे वळूं. आमिशांची शाखा १६९३ सालीं याकोब आमान याच्या पुढारीपणाखालीं वेगळी झाली, आणि पुढील शतकांत ते लोक पेन्सिल्व्हानियांत येऊं लागले. आज त्यांची संख्या उत्तर अमेरिकेंत चार लाखांच्या आसपास आहे. त्यांच्यांत पोप नाहीं, मध्यवर्ती संस्था नाहीं. पंचवीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी, आणि प्रत्येक मंडळीचा आपला अलिखित नियम, ज्यास ते ऑर्डनुंग म्हणतात. प्रार्थनेसाठीं देऊळ नाहीं. पाळीपाळीनें एकमेकांच्या घरीं जमावयाचें. पाळक पगारी नाहीं आणि शिकवून तयार केलेलाहि नाहीं. सभासद, त्यांत बायकाहि आल्या, नांवें सुचवितात, आणि गीतांच्या पुस्तकांत ठेवलेल्या चिठ्ठीवर निवड होते. ज्याच्या हातीं चिठ्ठीचें पुस्तक येतें तो पुष्कळदां रडतो, असें पाहणारे सांगतात. आमच्याकडील संस्थांच्या निवडणुकींत कोणी या कारणानें रडल्याचें ऐकिवांत नाहीं.

वर्षांतून दोनदां, वसंतांत आणि शरदांत, प्रभुभोजनाचा विधि होतो. त्यापूर्वीं दोन आठवडे एक सभा भरते. तींत नियमांची उजळणी होते आणि प्रत्येकास विचारलें जातें कीं, तुझें देवाशीं आणि या मंडळीशीं बरें आहे ना? मोठा मतभेद असेल तर प्रभुभोजन पुढें ढकलतात. म्हणजे भांडण मिटवल्याशिवाय पंगत नाहीं. टेलिफोनचा निकाल लँकेस्टरांत १९१० च्या सुमारास लागला. तो सैतानी आहे असें कोणाचें म्हणणें नव्हतें. पण घरांत घंटा असली कीं जेवणाऱ्या माणसांत तिऱ्हाईत येऊन बसतो. भेटीस जाण्याचें कारण संपतें. आणि पाठीमागें बोलणें सोपें होतें. तेव्हां घरांत नको. पुढें डॉक्टरास, पशुवैद्यास बोलावण्याची अडचण पडूं लागली, तेव्हां चार-दोन कुटुंबांत मिळून घरापासून दूर एक खोपटें, आणि त्यांत टेलिफोन. आपण जाऊन त्याला गांठावें, त्यानें येऊन आपल्याला गांठूं नये.

ट्रॅक्टरचेंहि असेंच. गोठ्याजवळ उभा करून त्याच्या पट्ट्यावर यंत्र चालविण्यास हरकत नाहीं. शेतांत नेऊं नये. शेतांत गेला कीं शेत वाढवावेंसें वाटतें, शेत वाढलें कीं शेजारी विकत घ्यावा लागतो. गवताचे भारे बांधणारें यंत्र इंजिनासकट घोड्यांनीं ओढलेलें पाहून प्रवासी हंसतात. ज्यांना आंत विचार झालेला कळत नाहीं त्यांना तें हास्यास्पद दिसणारच. जेथें रेघ ओढावयाची ती कोठें तरी ओढावीच लागते, आणि प्रत्येक रेघ जवळून पाहिली असतां वेडीवांकडी दिसते. ढोंग तेव्हां म्हणावें, जेव्हां रेघ ओढणारा स्वतः चोरून पलीकडे जातो.

शेजाऱ्यावर अवलंबून राहणें ही त्यांच्या दृष्टीनें उणीव नसून धर्म आहे, आणि याची किंमत त्यांनीं दिलेली आहे. सरकारी वृद्धविम्याची वर्गणी हे लोक भरीनात, कारण म्हाताऱ्यांची व्यवस्था मंडळीनें करावयाची. १९६१ च्या वसंतांत पेन्सिल्व्हानियांतील व्हॅलेंटाइन बायलर हा शेतकरी नांगर धरून असतां करखात्याच्या माणसांनीं शेतांत शिरून त्याचे घोडे नेले व विकून टाकले. देशभर ओरड झाली. १९६५ सालीं कायद्यानें त्यांस सूट मिळाली. सूट वर्गणीची आणि अर्थातच लाभाचीहि. घेणें नाहीं तर देणें नाहीं, इतका सरळ हिशेब आमच्या ओळखीच्या फार थोड्या सवलतींत असतो.

थट्टा करणाऱ्या तरुणांस आम्ही आणखी दोन गोष्टी विचारूं. १९१८ सालीं साउथ डाकोटांतील हॉफर आडनांवाचे तिघे हटराइट भाऊ आणि त्यांचा एक सोबती यांनीं सैनिकाचा गणवेष घालण्यास नकार दिला. वीस वर्षांची शिक्षा झाली. अल्काट्राझच्या तळघरांत, ओलीच्या जमिनीवर, गणवेष समोर ठेवून त्यांना आंतल्या कपड्यांत ठेवलें. ११ नोव्हेंबरास युद्ध संपलें. त्यानंतर त्यांस लेव्हनवर्थच्या तुरुंगांत हलविलें, आणि तेथें जोसेफ व मायकेल हे दोघे भाऊ थोड्याच दिवसांत मरण पावले. जोसेफची बायको प्रेत पाहावयास गेली तेव्हां शवपेटींत त्यास गणवेष चढविलेला होता. आठवीपर्यंत शिकलेले लोक कशास म्हणावयाचें, त्यांना कीं गणवेष चढविणारांना?

दुसरी गोष्ट अलीकडची. २ ऑक्टोबर २००६ रोजीं लँकेस्टर परगण्यांतीलच निकेल माइन्स येथील एका खोलीच्या आमिश शाळेंत एक बंदूकधारी शिरला. मुलगे आणि मोठीं माणसें यांस बाहेर काढून त्यानें दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पांच मेल्या, त्यानें स्वतःसहि मारून घेतलें. तो आमिश नव्हता. पण त्याच भागांत राहून दुधाची गाडी चालवी. त्याच दिवशीं आमिश माणसें त्याच्या बायकोकडे व आईबापांकडे गेलीं. त्याच्या दफनास जमलेल्यांत निम्म्याहून अधिक आमिश होते. आणि देशांतून आलेल्या मदतीचा वांटा त्यांनीं त्याच्या बायकोमुलांसहि दिला. जगांतील वर्तमानपत्रांनीं याला चमत्कार म्हटलें. कांहीं टीकाकारांनीं उलट म्हटलें कीं, इतकी तत्काळ क्षमा खरी असणेंच शक्य नाहीं. तो पाठ केलेला धडा. आम्ही म्हणतों, होय, पाठ केलेला धडाच. आणि त्यांत कमीपणा कसला? डर्क विलेम्सचें चित्र घरांत पाहत जें मूल वाढलें, वर्षांतून दोनदां मंडळीशीं बरें आहे का या प्रश्नास जें उभें राहिलें, तें आपत्ति आल्यावर क्षमेचा विचार प्रथमच करीत नाहीं. मुली गमावलेल्या आईबापांनीं पुढें सांगितलें कीं, क्षमा रोज नव्यानें करावी लागते. त्या दिवशींची पावलें मात्र विचारून टाकलेलीं नव्हतीं. विचार चारशें वर्षें आधींपासून होत आला होता.

इतकें बोलल्यावर कौतुक करणारे वडील आमच्या पाठीवर थाप मारण्यास पुढें येतील. त्यांनीं जरा थांबावें. त्यांच्या प्रवासलेखांत जें कधींच येत नाहीं तें आतां सांगावयाचें आहे.

श्लाइटहाइमचें दुसरें कलम बहिष्काराचें. बाप्तिस्मा घेऊन मग नियम मोडला व पश्चात्ताप केला नाहीं, तर आमिश त्या माणसास टाळतात. एका टेबलावर जेवत नाहींत, त्याच्या हातून कांहीं घेत नाहींत. सुधारण्यासाठीं हें करतात, परत आल्यास सर्व विसरतात, हें खरें. पण वाळींत टाकणें म्हणजे काय हें मराठी वाचकास समजावून सांगावयास नको. महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१६ सालीं त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आहे. जी मंडळी टेलिफोनबद्दल शंभरदां विचार करते तिनें आपल्या हातांतील या शस्त्राबद्दल तितका केला आहे काय? तलवार टाकली, पण आई मुलाशेजारीं जेवावयास बसूं शकत नाहीं ही जखम कशानें होते?

मुलांच्या शिक्षणाचा खटला १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेला. विस्कॉन्सिन संस्थानाविरुद्ध योडर आदि पालक असा तो खटला. आठवीपुढें सक्ति करतां येत नाहीं असा निकाल आमिशांसारखा लागला. न्यायमूर्ति डग्लस यांनीं अंशतः वेगळें मत दिलें: बापांचा हक्क आपण ऐकला, पण मुलांस काय हवें हें विचारलें पाहिजे. आमच्या मतें त्या न्यायालयांत अ‍ॅनाबॅप्टिस्ट मत कोणीं मांडलें असेल तर तें डग्लस यांनीं! ज्यांचे पूर्वज मुलाच्या वतीनें दुसऱ्यानें होकार देऊं नये म्हणून नदींत बुडाले, त्यांचीच संतति मुलाच्या वतीनें बोलूं लागली होती. बाप्तिस्मा आजहि ते मोठेपणींच देतात. पण आठवीपर्यंतचें शिक्षण आणि पुढें बहिष्काराचें भय यांच्यामध्यें दिलेला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न त्यांच्या हितचिंतकांनींच विचारावयास हवा.

याहून काळी गोष्ट बोलिव्हियांतील मेनोनाइट वसाहतीची आहे. तेथें २००५ ते २००९ या काळांत रात्रीं घरांत गुंगीचें औषध फवारून बायकांवर व मुलींवर अत्याचार होत राहिले. सकाळीं त्या जें सांगत तें सैतानाचें काम किंवा बायकी कल्पना म्हणून सोडून देण्यांत आलें. गुन्हेगार त्याच वसाहतींतील पुरुष होते. २०११ सालीं न्यायालयानें आठ जणांस शिक्षा केली. आणि हें केवळ शिक्षणाच्या अभावानें होतें असें समजून कोणीं निर्धास्त होऊं नये. जॉन हॉवर्ड योडर (वरील खटल्याशीं यांचा संबंध नाहीं, हें आडनांव त्या लोकांत आमच्याकडील कुलकर्ण्यांसारखें आहे) हे या परंपरेचे विसाव्या शतकांतील सर्वांत विद्वान प्रतिपादक, अहिंसेवरील त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला. त्यांनीं अनेक बायकांशीं वर्षानुवर्षें लैंगिक गैरवर्तन केलें, संस्थांनीं तें दीर्घकाळ झांकून ठेवलें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर सतरा-अठरा वर्षांनीं, २०१५ सालीं, ते ज्या धर्मविद्यालयांत शिकवीत त्यानें जाहीर खेद व्यक्त केला. जर्मनींत तर नाझी अमदानींत मेनोनाइट संघटनेनें शस्त्रत्यागाचें तत्त्वच सोडून दिलें होतें. हुतात्म्यांचा ग्रंथ त्यांच्याहि घरांत होता.

हे अपवाद होत असें म्हणून आम्ही ते बाजूस सारीत नाहीं. ज्या ज्या ठिकाणीं घात झाला त्या त्या ठिकाणीं तो जुना प्रश्न विचारावयाचा राहिला होता, किंवा ज्यांनीं विचारावा त्यांस सभेंत तोंड नव्हतें. कॅनडांतील मेनोनाइट कुटुंबांत जन्मलेल्या मिरियम टेव्ज या लेखिकेनें बोलिव्हियाच्या प्रकरणावरून २०१८ सालीं एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिजवर पुढें चित्रपटहि झाला. त्या कादंबरींत बायका सूड घेत नाहींत. पुरुष गांवाला गेले असतां त्या गवताच्या माळ्यावर जमतात आणि वाद करतात: कांहींच न करावें, राहून लढावें, कीं निघून जावें? क्षमा म्हणजे काय, आणि सक्तीनें करावयास लावलेली क्षमा ती क्षमा कीं काय? लिहितां-वाचतां न येणाऱ्या बायकांची ही सभा आम्हांस त्या पंथाच्या पुष्कळ विद्वत्तापूर्ण ग्रंथांपेक्षां मांट्सच्या घरांतील बैठकीस जवळची वाटते. लेखिकेनें पंथाला नांवें ठेवलीं अशी तक्रार ज्यांनीं केली त्यांनीं ती कादंबरी पुन्हां वाचावी. तिनें पंथाचेंच हत्यार पंथाच्या बायकांच्या हातीं दिलें आहे.

शिवाय हेंहि कौतुककर्त्यांस ठाऊक असावें कीं, जगांतील अ‍ॅनाबॅप्टिस्टांपैकीं बहुतेकांजवळ घोडागाडी नाहीं. त्यांची संख्या वीस लाखांवर आहे आणि मोठा भाग आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिकेंत आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडांत धमतरी येथें अमेरिकन मेनोनाइट १८९९ सालीं आले ते दुष्काळाच्या मागोमाग. तें गांव तेव्हां ज्या मध्यप्रांतांत होतें त्याची राजधानी नागपूर. त्यांचें रुग्णालय तेथें आजहि आहे. इथिओपियांत मेसेरेते क्रिस्टोस या नांवाच्या त्यांच्या मंडळीवर १९८२ सालीं साम्यवादी सरकारनें बंदी घातली, इमारती जप्त केल्या, पुढाऱ्यांस तुरुंगांत टाकलें. लोक पांच-पांच सात-सात जणांच्या टोळक्यांनीं घरोघरीं जमूं लागले, आणि त्यांत बायकांनीं मोठा वांटा उचलला. १९९१ सालीं बंदी उठली तेव्हां सभासद कितीतरी पटींनीं वाढलेले होते. त्यांच्यापैकीं एकाचेंहि छायाचित्र आमच्या प्रवाशांच्या संग्रहांत नसतें, कारण तीं माणसें तुमच्याआमच्यासारखींच दिसतात.

आतां लँकेस्टरकडे पुन्हां. जमीन महाग झाल्यामुळें तेथील बहुसंख्य तरुण शेती सोडून सुतारकी, बांधकाम, दुकानें यांत शिरले आहेत, आणि धंद्यासाठीं म्हणून भ्रमणध्वनि कित्येकांच्या हातीं आला आहे. घरांतील टेलिफोन भिंतीला असे. तो उचलून गल्लीच्या टोकाला नेतां आला. हा खिशांत असतो. याला खोपटें कोठें बांधावयाचें? कांहीं मंडळ्यांनीं साधा चालवून घेतला आहे, कांहींनीं मालकाचा असेल तर कामाच्या जागेपुरता, आणि कांहींनीं मुळींच नाहीं. वसंतांत आणि शरदांत, प्रभुभोजनाआधींच्या सभांतून हा विषय निघतो, आणि एकमत झालें नाहीं तर पंगत थांबते.